राणीच्या हातात काय होतं

नेदरलँड्समध्ये, ग्रोनिंगनमधल्या एका छोट्या संग्रहालयात मी काही वर्षं नोकरी केली. काम सोपं होतं. दालनात उभं राहायचं, कुणी चित्राच्या फार जवळ गेलं तर हसून मागे बोलवायचं, आणि स्वच्छतागृह कुठे आहे ते दिवसातून अनेकदा सांगायचं. अशा माणसांना इथे सुपोस्त म्हणतात. पुण्यात मी प्राथमिक शाळेत शिकवत असे. नवऱ्याच्या नोकरीमुळे इकडे आले, दोन हिवाळे घरात काढले, कामापुरतं डच शिकले आणि हे काम मिळालं. आईला फोनवर सांगितलं तेव्हा ती म्हणाली, "म्हणजे दिवसभर उभंच राहायचं ना? वर्गातही उभीच असायचीस."

माझी ड्यूटी बहुतेक वेळा राजेराण्यांच्या दालनात असे. युरोपभरचे राजे तिथे भिंतीवर होते. काही तैलचित्रं, काही छापील प्रती. कुणाच्या हातात राजदंड, कुणाच्या तळव्यावर क्रॉस बसवलेला सोन्याचा गोळा, कुणी तलवारीच्या मुठीवर हात ठेवून उभा. अंगावर काळ्या ठिपक्यांचे पांढरे केसाळ झगे, इतके जड की बघूनच उकडावं. डच राजे मात्र वेगळे. इथे राजाला मुकुट घालत नाहीत. तो शेजारच्या टेबलावर गादीवर ठेवलेला असतो, आल्याबरोबर काढून ठेवलेल्या टोपीसारखा. मला ते फार आवडायचं.

मग करोना आला. संग्रहालय बंद झालं, उन्हाळ्यात उघडलं, आणि हिवाळ्याच्या तोंडावर पुन्हा बंद झालं. या वेळी ते लवकर उघडायचं लक्षण दिसेना. घरात नवरा जेवणाच्या टेबलावर दिवसभर मीटिंगा करत असे आणि मी आवाज न करता भाजी चिरायला शिकले होते. अशात आमच्या संचालक बाईंचा फोन आला. गावातल्या एका वृद्धनिवासात म्हाताऱ्या माणसांना भेटायला फारसं कुणी येऊ शकत नव्हतं. त्यांना टॅबवरून चित्रं दाखवशील का, असं त्यांनी विचारलं.

"माझं डच काही खास नाही," मी म्हटलं.

"त्यांना ऐकूही कमीच येतं," त्या म्हणाल्या. "जमेल."

दर बुधवारी सकाळी मी सायकलवरून रिकाम्या संग्रहालयात जायची. हीटर कमीवर ठेवलेले, त्यामुळे अंगात कोट तसाच. टॅब छातीशी धरून मी राजांसमोरून हळूहळू चालायची. पलीकडे वृद्धनिवासाच्या बैठकीत एक मदतनीस मुलगी त्यांचा टॅब टेबलावर उभा करायची. पहिल्या दिवशी पाच-सहा चेहरे होते. दुसऱ्या बुधवारी तीन. पुढे पुढे एकच उरली. नव्वदीकडे झुकलेली, बारीक अंगाची बाई, केस कापसासारखे, रंग जवळजवळ माझ्या आईचा. तिलाही आईसारखाच टॅब धरता यायचा नाही. अर्धा वेळ मला तिचं कपाळ आणि छताचा दिवा दिसायचा.

मी तिला रीतसर "मेव्राउ", म्हणजे बाईसाहेब म्हणायला लागले, तर ती म्हणाली, "नको. मला तान्ते म्हण. आमच्या जावा बेटावर मोठ्या बायकांना आम्ही तान्तेच म्हणायचो, नात्याची असो नसो."

"आमच्याकडे मावशी म्हणतात," मी म्हटलं.

"मग झालं तर."

तान्ते त्या बेटावरच जन्मलेली, आजच्या इंडोनेशियात. तेव्हा तिथे डचांचं राज्य होतं. वडील डच, शाळामास्तर. आई तिथलीच. आता एकुलता एक मुलगा कॅनडात, आणि विमानं बंद. हे सगळं तिने हळूहळू सांगितलं. चित्रांमध्ये मात्र तिला विशेष रस दिसेना. मी झग्याबद्दल सांगायची, किरीटातल्या मोत्यांबद्दल सांगायची, ती "हं, हं" करायची. एके दिवशी मी एका राणीसमोर थांबले तेव्हा ती एकदम पुढे सरकली. कपाळ जाऊन दोन डोळे दिसायला लागले.

"हिच्या हातात काय आहे?"

"राजदंड."

"आमच्या राणीच्या हातात काय होतं?"

मला कळलंच नाही. मग तिने सांगितलं. वडिलांच्या शाळेत, फळ्याच्या वर, राणीचं मोठं छापील चित्र टांगलेलं होतं. तेव्हाच्या सगळ्याच शाळांत असे. पण या चित्राचा उजवा खालचा कोपरा वाळवीने खाल्ला होता. राणीची बाही मनगटापर्यंत दिसायची आणि पुढे भोक. नवीन चित्र मागवलं तर हॉलंडहून यायला जहाजाला महिने लागायचे, आणि वडिलांनी मागवलंही नाही. उलट दरवर्षी राणीच्या वाढदिवसाला ते मुलांना कागद वाटायचे. राणीच्या हातात काय असेल ते काढा, म्हणायचे.

"मुलं काय काढायची?"

"काय नाही विचार! छत्री. मासा. बासरी. एकाने कोंबडा काढला होता. वडील प्रत्येक चित्र हातात घेऊन नीट बघायचे आणि म्हणायचे, असू शकेल. प्रत्येकाला एक पेरू मिळायचा."

"आणि तुम्ही?"

"भात ढवळायचा लाकडी डाव." ती हसली. दात नव्हते लावलेले. "आमच्या घरी ज्याच्या हातात डाव, त्याचं राज्य. वडील इतके हसले की डोळे पुसायला लागले. त्यांनी माझं चित्र कापून बरोबर त्या भोकावर चिकटवलं. तेव्हापासून राणी डाव धरून आमच्याकडे बघत होती."

मी तिला माझ्या पुण्याच्या वर्गातल्या तसबिरींबद्दल सांगितलं. पहिलीतल्या एका मुलीने मला विचारलं होतं, बाई, हे सगळे आपल्या डोक्यावरून कुठे बघतात? तान्तेला ते फार आवडलं. तिने मदतनीस मुलीलाही बोलावून सांगितलं.

पुढच्या बुधवारी मीच विचारलं, "त्या चित्राचं पुढे काय झालं?"

ती म्हणाली, "जपानी सैनिक आले तेव्हा मी दहा वर्षांची होते. त्यांनी ते उतरवलं आणि शाळेच्या पटांगणात जाळलं. डावासकट. वडिलांना छावणीत नेलं. ते परत आले नाहीत." मग लगेच, "तू आज कोट का घातलायस? तिथे हीटर नाही का?"

त्या दिवशी आम्ही हीटरवर बोललो.

पण तो हात माझ्या डोक्यातून जाईना. संग्रहाची देखभाल करणारा माझा एक सहकारी होता, दारातून वाकून आत येणारा उंच माणूस. तळघरात छापील चित्रांचे गठ्ठेच्या गठ्ठे पडलेले मला माहीत होते. मी त्याला विचारलं, शाळांसाठी छापलेली राणीची चित्रं आपल्याकडे असतील का?

"असतील. पण कुठली? राणीने पुष्कळ वर्षं राज्य केलं."

मग दर बुधवारी मी तान्तेला आठवायला लावलं. मागे पडदा होता का? होता, निळा. खांब? एक, डावीकडे. राणी उभी की बसलेली? उभी, तोंड किंचित वळवलेलं. झगा? होता, ठिपके मोजायचो आम्ही गणिताच्या तासाला. मी हे सगळं त्या सहकाऱ्याला सांगत राहिले. त्यालाही चटक लागली. बाहेर कालवे गोठले, सगळं गाव बर्फावर स्केटिंगला उतरलं, आणि आम्ही दोघं तोंडाला मास्क लावून, तळघराच्या दोन टोकांना बसून राण्या उलगडत होतो. घरी नवरा म्हणाला, "लोक करोनात ब्रेड भाजायला शिकले, तू हे काय काढलंस?"

सापडली ती बर्फ वितळून गेल्यावर. निळा पडदा, डावीकडे खांब, किंचित वळलेलं तोंड. कडा पिवळ्या पडलेल्या, पण कोपरे चारही शाबूत. मी हाताकडे पाहिलं. हातात काहीच नव्हतं. राजदंड आणि मुकुट त्याच कोपऱ्यातल्या टेबलावर होते. राणीने हात नुसता टेबलाच्या कडेवर टेकवला होता, बोटं जरा सैल सोडून.

"नाही सांगितलं तर?" मी सहकाऱ्याला म्हटलं. "सापडलं नाही म्हणू."

तो म्हणाला, "ती नव्वदीची आहे. तिला काय झेपेल ते तू कशाला ठरवतेस?"

बुधवारी मी चित्र एका फळीवर उभं केलं आणि टॅब त्याच्यासमोर धरला. आधी वरचा भाग. पडदा दिसताच तान्तेने "आ" केलं. "हीच. हीच ती." मग मी टॅब हळूहळू खाली नेला. बाही आली. मनगट आलं. हात आला.

तान्तेचा चेहरा टॅबच्या अगदी जवळ आला.

"रिकामा?" ती म्हणाली.

"हो, तान्ते. रिकामाच आहे."

ती बघत राहिली. मदतनीस मुलगी शेजारी येऊन उभी राहिली होती. मग तान्ते अगदी हळू बोलायला लागली, मला टॅब कानाशी न्यावा लागला. "पण वडिलांना हे माहीत होतं. ते चित्र त्यांनीच टांगलेलं, नवंकोरं असताना, माझ्या जन्माआधी. आई सांगायची. वाळवी नंतर लागली." आणि पुन्हा, "त्यांना माहीत होतं, पोरी. आणि तरी छत्रीला असू शकेल म्हणाले, कोंबड्यालाही असू शकेल म्हणाले."

तिच्या गालांवरून पाणी ओघळत होतं, पण चेहरा हसरा होता. इतक्या वर्षांत वडिलांबद्दल नवीन असं काही तिला कुणी सांगितलं नव्हतं, असं ती म्हणाली. सांगणारं कुणी उरलंच नव्हतं. मलाही रडू आलं. सहकारी मागे उभा होता, तो उगाचच चित्राचे कोपरे सारखे करत राहिला.

उन्हाळ्यात संग्रहालय उघडलं तेव्हा तान्ते चाकाच्या खुर्चीतून आली. मी ते चित्र तिच्यासाठी मुद्दाम वर आणून ठेवलं होतं. तिने त्याच्याकडे मिनिटभर पाहिलं, मान हलवली आणि माझ्याकडे वळली.

"तू इतकी बुटकी असशील असं वाटलं नव्हतं."

"टॅबवर सगळे उंच दिसतात."

"चल, बाहेर उन्हात बसू. राजे काय, कुठे पळून जात नाहीत."

मागच्या अंगणात बसलो. मी घरून डब्यात साबुदाण्याची खिचडी नेली होती. डबा उघडल्याबरोबर ती ओरडली, "सागू!" त्यांच्याकडे साबुदाणा नारळाच्या दुधात गूळ घालून गोड करतात म्हणे. खिचडीचा एक घास खाल्ला आणि म्हणाली, "मिरची कमी आहे." तिच्याबरोबर आलेली मदतनीस मुलगी पहिल्याच घासाला पाणी मागत होती.

त्यानंतर मी वृद्धनिवासात जायला लागले. वर्षभराने तान्ते विसरायला लागली. आधी दिवस, मग माणसं, आणि मग एकेक करून डच शब्दच जायला लागले. इतकी वर्षं या देशात राहिलेली बाई पुन्हा आपल्या आईच्या भाषेत, मलायमध्ये बोलायला लागली. तिथे कुणालाच काही समजेना. मलाही नव्हतं समजत. पण मधूनच एखादा शब्द माझ्याकडे आपण होऊन यायचा. नामा, म्हणजे नाव. बहासा, म्हणजे भाषा. रासा, म्हणजे चव, आपला रस. सुका आणि दुका. आपलं सुख-दुःख. गुरू तर जसाच्या तसा. मी तेवढा शब्द पकडायची आणि पुढे मराठीत बोलत सुटायची. आईची तब्येत, पुण्यातला पाऊस, नवऱ्याच्या तक्रारी. ती माझा हात हातात घेऊन मान डोलवायची आणि मग तिचं सुरू व्हायचं. एकमेकींना थांबवायची वेळ कधी आली नाही.

नवीन लागलेल्या एका नर्सने चहा आणून ठेवताना मला विचारलं, "तुम्ही दोघी एकाच गावच्या का?"

मी नाही म्हणणार होते. पण तान्ते माझ्याकडे अशी बघत होती, की मी म्हटलं, "शेजारच्या."

पुढच्या वसंतात ती झोपेत गेली. मुलगा कॅनडाहून आला होता, त्याने मला कोपऱ्यात बोलावून आईचा एक बाटीकचा रुमाल दिला. त्याच वर्षी नवऱ्याला ॲमस्टरडॅममध्ये काम मिळालं आणि आम्ही तिथून जवळच्या आल्मेरे गावात राहायला आलो. इथे घर मोठं आहे, बागेला ऊन भरपूर आहे. बुधवारची सकाळ आली की अजूनही थोडा वेळ मला काही सुचत नाही. मग मी आईला फोन लावते. ती टॅब कसातरी धरते, मला तिचं कपाळ दिसतं, आणि आम्ही बोलायला लागतो.