वेशीवरची कमान

जुन्या शहराच्या वेशीवरच्या दगडी कमानीचे मी फोटो काढत होतो. कमानीला टेकून उभ्या असलेल्या घरातून एक वयस्कर बाई पिठाच्या हातांनीच धावत बाहेर आल्या.

"मोजणीला आलात का, साहेब?"

"नाही मावशी. कमान सुंदर आहे, म्हणून फोटो काढतोय."

"पलीकडच्या कमानीचे फोटो काढणारेही असंच म्हणाले होते. महिन्याभरात पाडली ती."

माझा कॅमेरा खाली आला. खरं तर मलाही भीतीनंच तिथे आणलं होतं. ही कमान पुढच्या खेपेला दिसेल की नाही, कोण जाणे! पण माझा फक्त फोटो हुकला असता. त्यांचं घर गेलं असतं.

"घाबरू नका," मी म्हणालो. माझाच आवाज मला खोटा वाटला.

मावशींनी कमानीला पाठ लावली. मी गल्लीतून दिसेनासा होईपर्यंत त्या तिथून हलल्या नाहीत.