लेकीचा सहा नंबर

आमची मावशी नाकावर माशी बसू देत नाही. कॉम्प्युटर दुरुस्तीच्या तिच्या टीचभर दुकानात गिऱ्हाइकाने घाई केली, की ती स्क्रू ड्रायव्हर खाली ठेवून म्हणते, "मग तुम्हीच करा." बिघाड झाला तर म्हणून कंपनीने डिस्कमध्ये राखून ठेवलेला रिकव्हरीचा भाग जागेसाठी काढायचा, तर तिचे सोपस्कार ठरलेले. आधी त्याची प्रत पेनड्राइव्हवर घ्यायची, त्यावरून मशीन सुरू होतं का बघायचं, सगळ्या भागांचे नंबर पेन्सिलीने कागदावर लिहायचे. मगच पुसायचं.

घरच्या मशीनला मात्र ती हात लावत नव्हती. त्यात दोन सिस्टिम, एक तिची, एक लेकीची. लेक "दोन महिन्यांत येते" म्हणून नोकरीला लांब गेली, त्याला तीन वर्षं झाली. रविवारी फोन येतो, चार वाक्यांचा. एकदा तिने विचारलं होतं, "माझं मशीनवरचं सगळं तसंच आहे ना गं?" मावशी म्हणाली, "आहे तसंच आहे."

मशीन चालू केलं की दोघींची नावं येतात, लेकीचं वर, आणि दहापासून उलटी मोजणी; ती संपली की वरचं नाव आपोआप उघडतं. मावशी रोज सकाळी चहा घेऊन बसते. लेकीची बाजू पासवर्डपर्यंत उघडू देते, तिथला तिचा फोटो बघते, मग बंद करून आपलं काम उघडते. पासवर्ड मोडणं तिच्या डाव्या हातचा मळ. पण मोडत नाही.

"तिची खोली आहे ती. न विचारता कशी जाऊ?"

शेवटी त्या मशीनमधली जागाच संपली, साधी फाइल जतन होईना. मी तिचं डोकं खाल्लं, "लोकांचं रोज करतेस, मग घरी घोडं कुठे अडलं?"

रविवारी बसली. सगळे सोपस्कार केले, रिकव्हरीचा भाग पुसला, मशीन पुन्हा चालू केलं. काळा पडदा. कोपऱ्यात एक ओळ. दोघींची नावं गायब.

मावशीला इतकं घाबरलेलं मी कधी पाहिलं नव्हतं. "गेलं गं तिचं," एवढंच म्हणाली.

मीच तिचा कागद पुढे केला. रिकव्हरी पाच, लेकीचं सहा. कागद बघून तिने कपाळावर हात मारला. जुन्या मशीनमध्ये पाच नंबर गेला की सहाचा पाच होतो, हे ती गिऱ्हाइकांना ओरडून सांगते. मशीन अजून सहा नंबर शोधत होतं. तिने सहाच्या जागी पाच टाकला. नावं आली. लेकीचा फोटो आला. आम्हा दोघींच्या जिवात जीव आला.

मग तिने ती उलटी मोजणीच काढून टाकली.

"आता कोणी येऊन बटण दाबेपर्यंत थांबेल ते," म्हणाली.

"आणि कोणी आलंच नाही तर?" मी बोलून गेले आणि जीभ चावली.

मावशीने गार चहा उचलला. "मी नाही का थांबले?"