राखेच्या रेषेतल्या बाई

माणसाला आतून ओळखणारे लोक जगात पुष्कळ असतील. पण माणसाला फक्त आतूनच ओळखणारी बाई मी एकच पाहिली आहे, आमच्या विज्ञानाच्या बाई. चेहरा हा प्रकार त्यांना कधी पटलाच नाही. तुमच्याशी बोलताना त्यांची नजर डोळ्यांवरून घसरून गळ्यावर यायची, तिथून बरगड्यांवर, आणि मग पोटावर येऊन जी थांबायची ती थांबायचीच. तिथे काय चाललंय ते त्या इतक्या मन लावून बघायच्या, की बोलणारा माणूस हळूहळू गप्प होऊन स्वतःच्याच पोटाकडे बघायला लागायचा. शाळा सुटल्यावर कित्येक वर्षांनी मी त्यांना भेटलो तेव्हा नाव सांगितलं, आडनाव सांगितलं, गाव सांगितलं. काही उपयोग झाला नाही. मग त्यांनी माझ्या गळ्याखालच्या बाहेर आलेल्या हाडाकडे पाहिलं आणि त्यांचा चेहरा खुलला. "अरे, तू काय! काऊन इतका वाळला?" मुख्याध्यापकांना त्या खाजगीत 'आंत्रपुच्छ' म्हणायच्या. कारण विचारलं तर म्हणायच्या, "हाये तं हाये. कायले हाये ते कोणाले सापडलं नाई. पण दुखलं की साऱ्या अंगाले ताप."

लग्नाच्या पंगतीत त्यांच्या शेजारचं पान कायम रिकामं. चुकून कुणी बसलाच तर त्याचा एकेक घास त्या मनोमन पोचवून यायच्या. गोंडपिपरीत एका शिक्षकाच्या लग्नात मी अडकलो होतो. मी वड्याचा तुकडा तोंडात टाकला, तर कानाशी हलका, जवळजवळ प्रेमळ आवाज: "गिळ. हं. आता श्वासनलिकेवरचं झाकण पडलं. नसतं पडलं तं तू आता निळा झाला असता." मी बुंदी घेतली नाही. त्यांनी मात्र दोनदा घेतली आणि डोळे मिटून, स्वतःच्या आत कान लावल्यासारख्या बसून राहिल्या. वधूची आई लांबून पाहत होती. तिने नंतर मला विचारलं, "तुमच्या मॅडमच्या अंगात येते काजी?"

त्या प्रश्नावर तेव्हा मी हसलो. पण खरं सांगायचं तर वर्गात आम्हालाही तसंच वाटायचं. जास्वंद चिरण्याआधी त्या फुलाला कपाळाशी लावून "माफ कर माय" म्हणायच्या, आणि मग दाढीच्या पात्याने अशी उभी चीर द्यायच्या की वर्गात कुणी हलायचं नाही. "हे पुंकेसर. हा जायांग. ह्या खालच्या फुगीर भागात बीजांडं. झाडानं आपलं सारं गुपित उघड्यावर, रंग लावून ठेवलंय. झाडाले लाज नाई. लाज कोणाले हाये? धडा वाचून दाखवा म्हटलं की खाली मान घालते त्याले." आणि मग, श्वासही न घेता, त्या फुलावरून माणसावर यायच्या. गर्भाशय, बीजकोश, मासिक पाळी. फळ्यावर मोठ्ठी आकृती, मुलंमुली एकाच वर्गात, खिडक्या उघड्या. इतर शाळांत हा धडा 'घरी वाचा' म्हणून सोडतात हे सगळ्यांना ठाऊक आहे. बाईंनी तो परीक्षेत विचारला.

झालं. पालकांची तक्रार गेली, संस्थेची बैठक बसली, आणि 'मुलींसमोर नको ते शिकवतात' म्हणून बाईंची बदली संस्थेच्या एटापल्लीपलीकडच्या आश्रमशाळेत झाली. नको ते म्हणजे काय? जे सरकारी पुस्तकात छापलंय ते! ज्यांनी सह्या केल्या ते सगळे वाऱ्याने पराग उडून जन्माला आले असावेत, असं मी अंधश्रद्धा निर्मूलनाच्या चळवळीत शिरल्यावर काढलेल्या पहिल्यावहिल्या पत्रकात लिहिलं होतं आणि आजही त्यातला शब्द मागे घेत नाही. आणखी एक चीड येते. शिक्षा म्हणून माणूस जंगलात पाठवता, म्हणजे जंगलातली मुलं ही तुमची शिक्षा? तिथल्या पोरांना कसाही मास्तर चालतो?

बाई मात्र खुशीत गेल्या. मी भेटायला गेलो तेव्हा त्यांच्या खोलीच्या वळचणीला गुळवेलीची लांबच लांब वेल गुंडाळी करून टांगलेली होती. आतड्याची लांबी दाखवायला. ती वेल सुकायची नाही. मातीला न टेकता हवेतच तिला हिरवे कोंब फुटत होते, खाली धाग्यासारखी मुळं लोंबत होती, आणि दारातून आत जाताना ती गार मुळं मानेला लागायची. शिपाई त्या दारातून आत यायला तयार नव्हता, बाहेरूनच हाका मारायचा. भर दुपारी, जेव्हा पाखरूसुद्धा आवाज करत नाही, तेव्हा बाई एकट्याच रानातून हिंडायच्या आणि शरीरातल्या अवयवांसारखं दिसणारं जे मिळेल ते ओच्यात घेऊन यायच्या. शाळेचे तक्ते वाळवीने खाल्ले होते. नवे मागवले तर संस्थेचं उत्तर आलं नाही. मग बाईंनी आपली रीत काढली.

एका मुलाला अंगणात उताणं निजवायचं. चुलीतल्या राखेने त्याच्याभोवती रेष ओढायची. मूल उठलं की मागे उरायचा राखेचा माणूस. मग त्याला आतून भरायचं. बांबूच्या कामट्यांच्या बरगड्या. फुफ्फुसं पळसाच्या पानांची: उजवीकडे पूर्ण त्रिदळ, कारण उजव्या फुफ्फुसाचे तीन भाग, डावीकडे एक पान खुडून दोनच. भिजल्या मोहफुलांचा ढीग म्हणजे यकृत. मूठभर पळसफुलं म्हणजे हृदय. आणि मूत्रपिंडाच्या जागी, आकार तंतोतंत जुळतो म्हणून, दोन काळे बिब्बे.

आता बिब्बा कशाकशात वापरतात ते त्या गावात शेंबड्या पोरालाही माहीत. करणी करायची असो की उतरवायची, बिब्बा लागतोच. हे बाईंना ठाऊक नव्हतं असं नाही. पण त्यांचं म्हणणं, "मूत्रपिंडासारखं दुसरं काई दिसतच नाई तं मी काय करू?"

त्या फाल्गुनात त्यांनी जैनी नावाच्या मुलीला निजवलं. शिडशिडीत पोर, वर्गात सगळ्यांत उंच. पचनसंस्था शिकवायची राहिली म्हणून बाईंनी आकृती पुसली नाही, तशीच ठेवली. दुसऱ्या दिवशी जैनी अंथरुणातून उठेना. हातापायांचे सांधे धरून कण्हत होती, अंगात ताप, डोळे हळदीसारखे पिवळे. गाव गोळा झालं. आणि गावाने काय पाहिलं? अंगणात जैनीच्या मापाचा राखेचा माणूस. छातीत लाल फुलं, पोटात बिब्बे, आणि मुंग्यांची एक रांग त्याच्या तोंडातून आत शिरून पोटातल्या मोहफुलांपर्यंत गेलेली.

मी त्याच दिवशी तिथे पोचलो हा योगायोग. आश्रमशाळांतल्या मुलांची सिकलसेलची तपासणी होत नाही, या विषयाची पत्रकं माझ्या पिशवीत होती. या शाळेतही पथक यायचं होतं. आलं नव्हतं, रस्ता खराब. जैनीला पाहून बाई मला हळूच म्हणाल्या, "रक्ताचं हाये. तांबड्या पेशी विळ्यासारख्या वाकून नसांत अडकून राह्यल्या. आजच्या आज दवाखाना पाहिजे, नाई तं जाईन पोरगी." शिक्षकांची जीप उभी होती. पण जैनीचा बाप दारात आडवा, आणि त्याच्या मागे गावचा पुजारी.

"पोरीचा जीव बाईनं इथी मांडून ठेवला," पुजारी म्हणाला. आवाज चढवलासुद्धा नाही. "शीव ओलांडली तं देह जाईन, जीव इथीच राहीन. मग दवाखान्यात काय करतीन? रिकाम्या देहाले सुई टोचतीन?"

मी उसळलो. कायदा सांगितला, कलम सांगितलं, तुरुंग सांगितला. जादूटोण्याच्या संशयावरून बायांना मारणाऱ्यांना सोडणार नाही, असंही ठणकावलं. ऐकताना बापाचे डोळे आणखी बारीक झाले आणि मागचे चार गडी पुढे सरकले. त्यांनी मला काही केलं नाही. ते फक्त बाईंकडे बघत होते.

बाई कुणाकडेच बघत नव्हत्या. त्या पुजाऱ्याच्या पोटाकडे बघत होत्या. मग एखाद्या डॉक्टरने दुसऱ्या डॉक्टरला विचारावं तसं त्यांनी विचारलं, "पुजारीभाऊ, अदलाबदल होते काजी?"

पुजाऱ्याने वळून आत कण्हणाऱ्या जैनीकडे पाहिलं. त्यालाही पोर मरायला नको होती, हे मला त्या क्षणी पहिल्यांदा दिसलं. "होते," तो म्हणाला. "तिच्या जागी दुसरं कोणी निजलं तं होते. पण पोरगी पोचल्याचा निरोप येईपर्यंत त्यानं उठायचं नाई. अन् रेष कोणी ओलांडायची नाई. ओलांडली तं दोघंबी जातीन."

"मांडा मग," बाई म्हणाल्या आणि जाऊन निजल्या.

जैनीच्या आकृतीत त्या मावेनात. पुजाऱ्याला नवी रेष ओढावी लागली. मग तो सामान उचलून बाईंच्या अंगावर ठेवू लागला, आणि बाई उताण्या पडल्यापडल्या, डोळे आभाळाकडे, त्याला सुधारू लागल्या. "मोहफुलं उजवीकडं, भाऊ. यकृत उजवीकडं असते. बिब्बे माझ्या पाठीखाली सरकवा, पुढं नाई. असूद्या, टोचते थोडं." गर्दीतलं एक पोरगं खुदकन हसलं आणि त्याच्या आईने त्याच्या तोंडावर हात दाबला. शेवटी पुजाऱ्याने पळसफुलं त्यांच्या छातीवर, डाव्या अंगाला ठेवली. आणि सगळं गाव वाकून बघू लागलं. कारण ती फुलं हलत होती. वारा नव्हता, एक पान हलत नव्हतं, आणि ती लाल फुलं एका ठेक्यात, अगदी बारीक, उडत होती. थड. थड. थड. जैनीचा बाप ते बघत मागे सरकला आणि त्याने दार मोकळं केलं.

जीप गेली. दुपार झाली. बाईंच्या अंगावरून मुंग्या गेल्या, चेहऱ्यावर राख उडून बसली, त्या पांढऱ्या चेहऱ्यात नुसते डोळे उघडे. कुणी पाणीसुद्धा देऊ शकत नव्हतं. मी दोनदा म्हटलं, "बाई, हे थोतांड आहे, उठा. जीप गेली ना आता?" त्या ओठ न हलवता म्हणाल्या, "पुढच्या खेपेले दुसऱ्याचं लेकरू असन. तवा कोण सोडन गाडी?" फोनची रेंज गावाबाहेरच्या टेकडीवरच मिळते. तिथून ऊन उतरताना एक गडी धावत आला: पोचली, रक्त चढवलं, डोळे उघडले. पुजाऱ्याने पायाने रेष मोडली. बाई उठल्या, पाणी प्यायल्या आणि म्हणाल्या, "उद्या पचनसंस्था. वह्या आणजा."

जैनी जगली. पथकही मग आलं. आमच्या पत्रकांमुळे, असं मी मानतो. पण गावात एक नवीच रीत पडली. आजारी माणूस शिवेबाहेर न्यायचा असला की घरचे आधी बाईंकडे येतात, आणि बाई जाऊन राखेत निजतात. त्या निजल्याशिवाय गाडी हलत नाही. आणि त्या निजल्या की कुणीही, कितीही म्हातारं, कितीही हट्टी, मुकाट्याने दवाखान्यात जातं. यावरून आमची कडाक्याची भांडणं झाली. "तुम्ही विज्ञान शिकवता, आणि अंधश्रद्धेला गादी घालून देता!" मी ओरडलो होतो. त्यावर बाई माझ्या गळ्याखालच्या हाडाकडे बघत म्हणाल्या, "गादी कुठी रे? खाली खडे टोचतेत." हे काही उत्तर नव्हे. मी माझं म्हणणं सोडलेलं नाही.

आता त्या निवृत्त झाल्या आहेत. गोंडपिपरीला परतल्या नाहीत. तिथेच, शाळेमागच्या खोलीत राहतात. केस पूर्ण पिकले, अंग चिपाडासारखं झालं. या हिवाळ्यात गेलो तर खोलीला कडी. अंगणात आलो. बाई रेषेत निजलेल्या. शाळेच्या स्वयंपाकिणीची सून बाळंतपणात अडली होती, तिला घेऊन गाडी सकाळीच गेलेली. जैनी फोन घेऊन टेकडीवर बसली होती. बाकी गाव कापणीला. अंगणात आम्ही दोघंच.

"बाई," मी म्हटलं. डोळे मिटलेले. पोरांनी पानं अगदी बरोबर मांडली होती, उजवीकडे तीन, डावीकडे दोन. रानातून गार वारा येत होता आणि त्याने सगळंच हलत होतं. पानं, पदर, कपाळावरचे केस. त्यातलं वाऱ्याचं किती आणि बाईंचं किती, ते कळेना. "बाई," मी पुन्हा म्हटलं, मोठ्याने.

नाडी बघायला एक पाऊल पुरे होतं. मी पाऊल उचललं. राखेची रेष बोटभर रुंदीची, तीही वाऱ्याने जागोजागी विरलेली. ती काही नाही, नुसती राख आहे, हे या जिल्ह्यात माझ्याइतकं कुणी छापून वाटलं नसेल. पण तिकडे कुठल्यातरी खड्ड्यातून गाडी जात होती, आणि तिच्यात एक बाई होती, आणि तिच्या पोटात एक लेकरू.

मी पाऊल मागे घेतलं. रेषेच्या बाहेर मांडी घालून बसलो, आणि वारा पडायची वाट बघत राहिलो.