कडी वाजवली, पण…

मंडळी, आज भर दुपारी दुकान सोडून घरी आलो. इतवाऱ्याच्या बाजारातलं माझं मावा-जिलबीचं दुकान तुम्हाला ठाऊकच आहे. बायको गेल्यापासून दिवसभर मी कढईपुढून हललो नव्हतो.

आज कारागीर भागवत हटूनच बसला. "शेठ, झारा इकडे द्या ना. तुमी जा घरी, आराम करा."

झारा दिला, पण जिलबी बिघडेल म्हणून कोपऱ्यावरून बघत राहिलो. गोऱ्या साहेबाचा टांगा थांबला, साहेब जिलबी बांधून घेऊन गेला. शेठ कुठंय, कुणी विचारलंही नाही.

घरी आलो. पूर्वी दुपारी जेवायला आलो की वाजवायचो तशी कडी वाजवली आणि वाट पाहत उभा राहिलो. किल्ली माझ्याच कमरेला होती.

काम सोपवलं हो. पण ही दुपार कुणावर सोपवू?