पश्चिमेचा वारा, टँकरचं पाणी

वारा आधी लिहायचा. मग पाणी, मग नौका, मग निकाल, आणि शेवटी आभार. काठावर कोण उभं होतं ते लिहायचं नाही. शिडाच्या छोट्या नौकांच्या शर्यतीची बातमी अशीच लिहितात, असं आमच्या संपादकांनी सांगितलं तेव्हा मी मुकाट मान डोलावली होती. एवढी वर्षं झाली, पण तो नियम आठवला की माझं डोकं अजून तडकतं.

मी कोकणातला. सातवीत शाळा सुटली आणि एका ओळखीच्या ट्रकवर बसून थेट नांदेडला येऊन पडलो. तिथं या संपादकांचा छापखाना होता. त्यांनी मला कागदाच्या गठ्ठ्यांशेजारी झोपायला जागा दिली, जेवू घातलं आणि बातमी लिहायला शिकवलं. लातूरचा वेगळा जिल्हा झाला तेव्हा नव्या जिल्ह्यात सरकारी जाहिराती मिळतील म्हणून त्यांनी छापखाना उचलून लातूरला आणला आणि साप्ताहिक काढलं. मीही सोबत आलो. उद्या ते ‘जा’ म्हणाले तर जायचं कुठं, ही धाकधूक कायमची. म्हणून मी त्यांना कधी उलट बोलत नसे.

त्या साली पाऊस झालाच नव्हता. आमच्या गल्लीत आठवड्यातून एकदा टँकर यायचा. मी ज्यांच्याकडे राहायचो त्या आक्कांचं माहेर लातूरजवळचं मुरुड, नवरा किराणा दुकानदार. त्यांची सून नुकतीच बाळंत झालेली. टँकरच्या दिवशी आक्का पहाटेच पिंप, घागरी, कळश्या रांगेत मांडून ठेवायच्या, वर एक दगड, कुणी घागरी सरकवू नयेत म्हणून.

आणि त्याच दिवसांत जिल्ह्यातल्या सरकारी साहेबलोकांच्या क्लबाला नौकांची हौस आली. नांदेडचे काही हौशी लोक गोदावरीत हातभर लांबीच्या शिडाच्या नौका सोडायचे. “त्यांच्याकडे नदी आहे म्हणून काय झालं? आपला जिल्हा नवा आहे, मागे राहायचा नाही,” असं क्लबचे सचिव म्हणाले. क्लबाच्या आवारात एक जुना दगडी हौद होता. तो घासूनपुसून घेतला. नांदेडच्या मंडळींना बोलावलं. एका रविवारी पहिली फेरी, पुढच्या रविवारी अंतिम.

सचिवांनी संपादकांना एक इंग्रजी पुस्तिका आणून दिली होती, नौकांबद्दल कसं लिहावं याची. संपादकांनी ती वाचून मला धडा दिला. खेळणं म्हणायचं नाही, होडी म्हणायचं नाही, प्रतिकृती-नौका म्हणायचं. नौकेचं नाव अवतरणात. लांबी द्यायची, किंमत नाही. आणि वारा कुठून होता ते पहिल्याच ओळीत आलं पाहिजे.

मी शर्यतीला गेलो. चारी बाजूंनी भिंती, वर ऊन. वाऱ्याचा पत्ता नाही. शिडं वाळत घातलेल्या रुमालांसारखी लोंबत होती. मग मांडववाल्याकडून दोन उभे पंखे आणले आणि हौदाच्या पश्चिमेला लावले. नौका चालायला लागल्या. टाळ्या झाल्या. मधेच लाईट गेली तशा नौका हौदाच्या मध्यावर जागच्या जागी उभ्या राहिल्या, आणि सगळे साहेब हातातले कागद हलवत काठाकाठानं वारं घालायला लागले. माझ्या गावी वाऱ्यानं घरांची कौलं उडतात. मला हसू आवरेना.

तेवढ्यात फाटकाकडे लक्ष गेलं आणि हसू गेलं. पाठीमागे चेपलेला, ओळखीचा टँकर उभा होता आणि त्याचा पाइप हौदात होता.

“हा आमच्या गल्लीचा ना?” मी ड्रायव्हरला विचारलं.

“हाव. साहेबांनी इकडं वळवायला लावला. पुढच्या हप्त्यात येतो म्हणावं.”

घरी आलो तर घागरी रांगेतच. दगडसुद्धा तसाच.

“का रं कोकण्या, टँकर दिसला का कुठं?” आक्कांनी विचारलं.

“दिसला. होड्या पोहवायला गेलाय.”

“सुनंच्या अंगावर पाणी न्हाई, अन् तू थट्टा करतूस व्हय?”

मग मी सगळं सांगितलं. पंख्यांसकट. आक्का म्हणाल्या, “पेपरात हाइस न्हवं तू? मग लिही की. निस्तं मला सांगून काय व्हतंय?”

मी लिहिलं. पहिल्या ओळीत पंखे, दुसऱ्या ओळीत टँकर, तिसऱ्या ओळीत बाळंतीण. दुसऱ्या दिवशी संपादकांनी कागद वाचला, चष्मा काढला.

“पंखे काढ. पश्चिमेचा मंद वारा, असं लिही.”

“मालक, तो पंखा होता.”

“पश्चिमेला होता ना? मग खोटं काय आहे त्यात? आणि टँकर काढ. काठावरचं लिहायचं नाही, सांगितलं होतं.”

“टँकर काठावर नाही, मालक, तेच पाणी आहे.”

त्यांच्याशी असं मी पहिल्यांदाच बोललो होतो. ते चिडले नाहीत, हे जास्त लागलं. हळू आवाजात म्हणाले, “अरे, जाहिरात बंद झाली तर तू पण उपाशी, मी पण. तक्रार छापता येत नाही. बस, लिही. आभार राहिलेत अजून.”

मी बसलो. वारा पश्चिमेचा केला. पाणी स्वच्छ आणि स्थिर केलं. आणि रागाच्या भरात शेवटची ओळ लिहिली: ‘पहिल्या फेरीनंतर हौदातील पाणी शेजारच्या गल्लीसाठी खुले करण्याच्या निर्णयाबद्दल सर्व गल्लीवासीयांनी क्लबचे मनःपूर्वक आभार मानले.’

संपादकांनी ती ओळ दोनदा वाचली. “हे कुणी ठरवलं?”

“ठरवतील.”

मग त्यांनी कागद छपाईचे खिळे जुळवणाऱ्याकडे सरकवला. त्यांचे तेवढे उपकार मी जन्मभर विसरणार नाही.

अंक निघाला त्या सकाळी आक्का पुढं आणि गल्ली मागं, सगळ्यांच्या कमरेवर घागरी. मी क्लबाच्या फाटकाशी होतो. सचिव धावत आले.

“कुणी सांगितलं तुम्हाला?”

“तुमीच की!” आक्कांनी अंक नाचवला. “छापून आलंय. आमी आभार बी मानून बसलो.”

सचिवांनी ओळ वाचली. त्यांचा चेहरा पडला, कारण वरच्या साहेबांनीही ती वाचली होती आणि सकाळीच फोन करून शाबासकी दिली होती. आता नाही कसं म्हणणार? फाटक उघडलं. दुपारपर्यंत हौदाचा तळ दिसला. अंतिम फेरी झालीच नाही.

संध्याकाळी घरभर शेकशेगडीचा धूर आणि ओव्याचा वास होता. सून न्हाली होती, बाळ न्हालं होतं. आक्कांनी माझ्या ताटात गरम भाकरी टाकली आणि समोर बसल्या.

“एक सांग, लेकरा. पाणी आमचं. नेलं त्यांनी. मग आभार आमी का मानले?”

“बातमीची तशी पद्धत आहे, आक्का.”

“कुणाची पद्धत?”

मी भाकरीचा तुकडा मोडला.

“आग लागो असल्या पद्धतीला,” म्हणाल्या, आणि रिकाम्या झालेल्या घागरी टँकरसाठी पुन्हा रांगेत लावायला बाहेर गेल्या.