हौद धुवायचे दोन तास

जावा बेटावरच्या पेकालोंगानमधल्या एका बाटिक कापडाच्या कारखान्यात तुमिरा रंगाचे हौद धुवायची. निळा संपवून तपकिरी घ्यायचा, तर आधी हौद घासून काढावा लागे. ज्या दिवशी हौद धुवायचा, त्याच दिवसाची तिला मजुरी. रंग रोज बदले, म्हणून काम रोज असे.

विगाती सेमारांगहून शिकून आली आणि मालकीण बू हार्सिनींनी तिला एक कोडं सोडवायला दिलं: एका रंगात एका दमात किती कापडं काढावीत? फार काढली तर कोठारात पडून राहतात, थोडी काढली तर हौद धुण्यातच दिवस जातो.

"लीक, धुवायला किती वेळ लागतो?" विगातीने तुमिराला विचारलं. लीक म्हणजे मावशी.

"दोन तास तरी धर, पोरी. गुडघे माझेत, तुझे नाहीत."

तासाभरात हौद लख्ख करून तुमिरा सावलीत बसलेली विगातीने कितीदा पाहिली होती. म्हातारी माणसं वेळ थोडी सैलच सांगतात, हेही तिला ठाऊक होतं. पण दोन तास धरले की बचत डोळ्यांत भरण्याजोगी दिसत होती. तिने दोनच लिहिले. उत्तर आलं: दोनशे कापडं, पाच दिवस एकच रंग.

"आता बसा राणीसारखं पाय पसरून," मेणाचे ठसे उठवणारी सुलास्त्री तुमिराला म्हणाली.

"राणीला जेवायला कोण घालतं, ते सांग आधी."

तिसऱ्या आठवड्यात, काम नसताना, तुमिरा सकाळीच विगातीसमोर येऊन उभी राहिली. "मीच मेली खोटं बोलले. तासच लागतो. तुम्ही घाई कराल म्हणून वाढवून सांगितलं. माझंच मला भोवलं."

"असू दे, लीक," विगाती म्हणाली.

दुपारी ती बू हार्सिनींकडे गेली. "तो आकडा चुकीचा आहे. लिहिताना मला माहीत होतं."

बूंनी चष्मा काढला. "माहीत होतं, तरी लिहिलास?"

"हो."

"दुरुस्त कर."

वेळ निम्मा झाला. पण गणितात तो वर्गमुळाखाली होता, त्यामुळे दोनशेचे शंभर झाले नाहीत. एकशे एक्केचाळीस झाले. साडेतीन दिवस.

संध्याकाळी तुमिराच्या ओट्यावर बसून विगातीने सगळं सांगितलं, आपल्याला आधीपासून ठाऊक होतं तेही.

"म्हणजे रोजचं काम नाहीच?"

"नाही. आठवड्यातून जेमतेम दोनदा."

"मग सकाळी मला माझ्याच तोंडाला शिव्या का घालू दिल्यास?"

दारी आलेल्याला चहा द्यायचा म्हणून तुमिराने दिला, आणि ती आत निघून गेली. विगातीने तो शेवटच्या घोटापर्यंत प्यायला.