रुमालाखाली घेतलेली गाडी

आमच्या कारभारणीला गाडी लागते. एसटी असो, जीप असो नाहीतर जावयाची एसीची कार असो, काच बंद झाली की हिचा हात पदरातल्या लिंबावर जातो आणि ड्रायव्हरचा पाय ब्रेकवर. आमच्या गावातून निघाली तर भोकरपर्यंतसुद्धा दम धरवत नाही. उघड्यावर मात्र काही होत नाही. सारा जन्म बैलगाडीत बसली, कधी ओकली नाही.

तिची धाकटी बहीण निलंग्याला दिलेली. ती आधी येऊन जायची, पण तिचे गुडघे गेले आणि येणं थांबलं. आता दोघी फोनवर बोलतात, तेही इतक्या मोठ्यानं की फोन नसता तरी निलंग्याला ऐकू गेलं असतं. एक दिवस फोन ठेवून कारभारीण म्हणाली, "आता आमची भेट एकदम वरच."

मला राग आला. मी जिवंत असताना माझ्या बायकोनं बहिणीला भेटायला वर जायचं म्हणजे काय?

"उघड्या टपाची गाडी आणतो," मी म्हणालो.

"हाव, आणा," ती म्हणाली. बाजाराला निघालेल्या माणसाला 'येताना हत्ती आणा' म्हणावं, तसं म्हणाली. झालं. आता आणणं भागच होतं.

पुतण्याचा पिकअप आहे, तो नांदेडला जाऊन-येऊन असतो. त्यानंच खबर आणली. तिथं एक चाचा नवरदेवाच्या वरातीला गाडी भाड्यानं द्यायचा. जुनी, लांबलचक, कापडाचा टप मागं दुमडणारी. त्यानं धंदा सोडला होता आणि गाडी विकायला काढली होती. भाव काय सांगायचा, याच्यावर आम्ही दोघं ओसरीवर बसलो. पुतण्या मोबाईलमध्ये बघून राहिला होता.

"तात्या, अशा गाडीचा भावच न्हाई दाखवत हितं."

"भाव मोबाईलात नसतो बाबा, समोरच्याच्या तोंडावर असतो."

मी चौथीत शाळा सोडली, पण जनावराच्या बाजारात मला आजवर कोणी फसवलं नाही. मी माझा हिशेब मांडला. बैल कडबा खातो, ही पेट्रोल खाणार. बैल म्हातारा झाला तरी शेण देतो, ही धूर देणार. तेव्हा एका चांगल्या बैलजोडीची जी किंमत, तीच हिची. फारच ताणलं तर वर एक कालवड. त्याच्या पुढं एक पेंढी नाही.

अडचण वेगळीच होती. कारभारणीला सोबत नेणं भाग होतं. तिला बसवून बघितल्याशिवाय गाडी घेतली आणि तीही लागली, तर मी वरात कोणाची काढू? पण बाजाराला घरची बाई न्यायची नाही, हा आमच्या वडलांचा नियम. घेणाऱ्याचं तोंड कसं सुतकात बसल्यासारखं पाहिजे. आमच्या कारभारणीच्या तोंडावर तर मनातलं सगळं वाळत घातलेलं असतं.

"तिथं तोंड उघडायचं न्हाई," मी तिला बजावलं.

"उलटी आली तर?"

"तेव्हा उघड."

पिकअपच्या मागच्या हौद्यात प्लास्टिकची खुर्ची दोरीनं बांधली, तिच्यावर तिला बसवलं आणि निघालो. नांदेडपर्यंत ठीक, पण निलंग्यापर्यंत बायकोला असं मालासारखं नेणं शोभलं नसतं. वाटेत एका गावात पारावरची माणसं उठून हात जोडायला लागली. त्यांना वाटलं, निवडणूक लागली. हिनंही खुर्चीतून हात जोडले.

चाचाच्या अंगणात गाडी उभी होती. पांढरी, मागं कधीतरी बांधलेला झेंडूचा हार तसाच वाळलेला. मी तिच्याभोवती फिरलो. चाकाला लाथ घातली, शिटेवर थाप मारली, धूळ उडाली.

"डावा डोळा आंधळा हाय," दिव्याकडे बोट दाखवून मी म्हणालो.

"बल्ब टाकला की दिसतंय तिला," चाचा म्हणाला. माझ्याच वयाचा, पांढऱ्या दाढीचा, पानाचा तोबरा धरलेला आणि खेड्यातल्या प्रत्येकाला पटेल म्हणणारा माणूस. "पन पटेल, झूट नको आपल्याला. असली खोट दुसरीच हाय. टप मागं गेला तो गेला. वर येतच न्हाई."

माझ्या आत पोळा सुटला. आम्हाला उघडीच पाहिजे होती आणि हा माणूस उघडी आहे म्हणून भाव पाडायला तयार होता! पण मी तोंडावर सुतक धरलं.

"टप येत न्हाई? मग पावसात काय करायचं? ही गाडी नव्हं चाचा, हे घमेलं हाय."

चाचा मान खाली घालून राहिला. आता अर्ध्या जोडीत सौदा होणार, असं वाटलं. तेवढ्यात मागून आवाज आला.

"अहो, टप कशाला पाह्यजे? उघडीसाठीच तर आलो ना आपण!"

मी वळून बघितलं. तिनं पदर तोंडात कोंबला, पण शब्द बाहेर पडून गेला होता. चाचा दाढीतल्या दाढीत हसला आणि म्हणाला, "चला, एक चक्कर मारू."

चाचा चालवायला, मी शेजारी, ती मागं. गल्लीतून बाहेर पडलो तशी पोरं मागं धावायला लागली, "नवरी! नवरी!" करून. मी आरशातून बघितलं. डोक्यावरचा पदर उडालेला, लिंबू हातातल्या हातात, आणि ती तोंडावर हात धरून हसत होती. तोंड उघडायचं नाही म्हटलं होतं ना, म्हणून हात. तिला असं हसताना मी कधी बघितलं होतं, ते मला आठवेना. बैलजोडी अन् कालवड, बैलजोडी अन् कालवड, असं मी मनात घोकत राहिलो.

अंगणात आल्यावर ती काही उतरेना. मी खांद्यावरचा मोठा रुमाल काढला आणि म्हणालो, "चाचा, हात द्या."

आमच्या बाजारात भाव तोंडानं बोलत नाहीत. दोघांचे हात रुमालाखाली, आणि बोटं दाबून आकडा सांगायचा. बघणाऱ्याला काही कळत नाही. मला वाटलं, शहरातला माणूस गोंधळेल. पण मी रुमाल पसरायच्या आत याचा हात खाली आलेला.

"आमचे अब्बा बैलबाजारात दलाल होते, पटेल," तो म्हणाला.

मी एका जोडीचा भाव दाबला. त्यानं माझी बोटं अशी दाबली की दोन जोड्या होऊन वर दावणीचे पैसे उरावेत. मी हात काढला, रुमाल झटकला आणि चालायला लागलो. ही पण रीत आहे. आपण चालायचं, मागून हाक येतेच.

फाटकापाशी आलो. हाक नाही. वाकून चपलेचा अंगठा नीट केला. तो नीटच होता. हाक नाही. शेवटी मान वळवली. चाचा उकिडवा बसून पानाला चुना लावत होता आणि आमची कारभारीण मागच्या शिटेवर दोन्ही हात पसरून बसली होती.

"पटेल," चाचा म्हणाला, "घरची मानसं हितंच ऱ्हायली की."

काय करणार? आलो परत. पुतण्या दुसरीकडे तोंड करून खोकत होता, पण तो खोकला नव्हता.

तेवढ्यात चाचाची बायको चहा घेऊन बाहेर आली. पहिला कप तिनं गाडीतच कारभारणीच्या हातात दिला आणि म्हणाली, "ले को जाव बहन, ले को जाव! सारा अंगन खा गई ये. मैं पापड सुखाऊं तो किधर सुखाऊं? मैं तो इनको बोली, कोई फुकट में ले को गया तो भी देव."

चाचाच्या हातातलं पान हातातच राहिलं. त्यानं माझ्याकडे बघितलं, मी त्याच्याकडे. बाजारात जन्म काढलेली दोन माणसं, अन् भर अंगणात लुटले गेलो, तेही घरच्यांकडून.

"हात द्या," मी हळूच म्हणालो.

रुमाल पुन्हा पसरला. मग मी एक बोट दाबलं, त्यानं एक सोडलं. काय ठरलं ते सांगणार नाही. रुमालाखालचं रुमालाखाली. कालवड होती त्यात, एवढंच. कारभारीण अजून विचारते, मी म्हणतो, "लई कमी."

पुढच्या आठवड्यात निलंग्याला निघालो. पुतण्या चालवायला, मी मागं कारभारणीजवळ. तिनं डोक्याला पदर घट्ट बांधला होता आणि दिसेल ती म्हैस मला दाखवत होती. लातूरला थांबून मी भजी खाल्ली. औसा गेलं आणि माझ्या पोटात काहीतरी फिरायला लागलं. थोडं पुढं गाडी थांबवावी लागली. मी बाभळीआड जाऊन आलो. कारभारणीनं पदराची गाठ सोडली, लिंबू काढलं आणि माझ्या हातात ठेवलं.

निलंग्याला मेव्हणी दारातच खुर्ची टाकून बसली होती. आमची गाडी बघून उठायला गेली, पण गुडघ्यानं उठू दिलं नाही, तर कारभारीणच धावली. दोघी गळ्यात पडल्या, रडल्या, एकमेकींची तोंडं चाचपून झाली. मग मेव्हणीचं लक्ष माझ्याकडे गेलं.

"अगं माय, दाजींना काय झालं?"

"गाडी लागली," कारभारीण म्हणाली. या वेळी तिनं तोंडावर हातसुद्धा धरला नाही.

"भजी," मी म्हणालो. कोणी ऐकलं नाही. दोघी एकमेकींचे हात धरून हसत होत्या, शेजारपाजारचे बाहेर येईपर्यंत हसत होत्या.

भजीच होती. तेल जुनं होतं.